तंबूवरचा ध्वज

'तात्पुरते' हा शब्द आपल्याकडे मोठा सोयीचा आहे. पूल वाहून गेला की शेजारी नळ्या टाकून तात्पुरता रस्ता होतो. शाळेची भिंत खचली की मारुतीच्या देवळात तात्पुरता वर्ग भरतो. बदलीवर गेलेल्या मास्तरांच्या जागी तात्पुरता मास्तर येतो. या सर्व ठिकाणी शब्दाचा सरळ अर्थ एवढाच, की हे थोड्या दिवसांपुरते आहे. पण बोलणाऱ्याच्या आवाजात दुसराही एक अर्थ दबकत दबकत येऊन बसलेला असतो. 'तात्पुरते आहे, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका,' असे तो अर्थ सुचवतो. पहिल्या अर्थाविषयी कुणाची तक्रार नाही. प्रश्न दुसऱ्याविषयी आहे. मुदत थोडी म्हणून कर्तव्यही थोडे होते काय?

हा प्रश्न पुलावर किंवा शाळेच्या वर्गावर तपासून पाहता येईल. पण तेथे चूक झाली तरी ती पुढे दुरुस्त होण्याजोगी असते. म्हणून ज्या ठिकाणी चुकीला जागाच नाही असे एक तात्पुरते ठिकाण मी निवडले आहे. ते म्हणजे सैन्याबरोबर चालणारा शस्त्रक्रियेचा तंबू. मी वैद्य नाही आणि शिपाईही नाही. शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. त्यानंतर मुलांना शिकवणे आणि कादंबऱ्या लिहिणे एवढाच उद्योग केला. मग या तंबूशी माझा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध शेजाराचा आहे. मी केदारखेड्याचा, पूर्णेच्या काठचा. इथून बैलगाडी जुंपून भोकरदनवरून पुढे निघालो, तर दिवसाउजेडी असई गावी पोचता येते.

असईला केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला जनरल आर्थर वेलस्लीची फौज. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या लढाईत कोण जिंकले, तोफा किती हाती लागल्या, हे शाळेच्या पुस्तकात सापडते. संध्याकाळी तोफा थंडावल्यानंतर काय झाले, हे सहसा सापडत नाही.

इंग्रजांच्या बाजूचा हिशेब असा : ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. आता हा अकराशे अडतीसचा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. आमच्याकडच्या एखाद्या खेड्याची सगळी वस्ती तेवढी असते. तेवढी माणसे पावसाळ्याच्या शेवटी, काळ्या चिखलात, रात्रीच्या अंधारात विव्हळत पडलेली. त्यांत गोरे होते तसे मद्रासकडचे देशी शिपाईही पुष्कळ होते. भूल द्यायचे औषध नव्हते. बॉस्टनमध्ये ईथर देऊन केलेली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया १८४६ ची आहे. जखम सडते ती जंतूंमुळे, हेही ठाऊक नव्हते. जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची लिस्टरची पद्धत प्रसिद्ध झाली ती १८६७ साली. हातपाय तुटलेल्या माणसाला चौघांनी धरायचे आणि शल्यवैद्याने करवत चालवायची, एवढीच विद्या. लढाईनंतर चौथ्या दिवशीही रणांगणावरून जखमी उचलून आणणे चालू होते.

कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज २४ तारखेच्या संध्याकाळी येऊन पोचली. पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग तिने ताबडतोब करावा, हे युद्धशास्त्राचे सांगणे. पण तिचे वैद्य जखमींच्या कामाला लावावे लागले आणि पाठलाग २६ तारखेपर्यंत थांबला. जखमींना दौलताबादच्या किल्ल्यात ठेवावे असा वेलस्लीचा विचार होता. किल्ला निजामाचा, निजाम इंग्रजांचा दोस्त. पण किल्लेदाराने जखमींना आत घेण्याचे नाकारले. शेवटी असईपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर अजिंठा गावी इस्पितळ थाटले गेले. लेण्यांमुळे जगाला ठाऊक असलेल्या अजिंठ्याच्या पोटात ही एक दुखरी आठवणही आहे.

मला या हकिकतीत दोन गोष्टी खुपतात. पहिली ही, की शिंदे-भोसल्यांच्या बाजूच्या जखमींचा असा एकेकाच्या नोंदीचा आकडा मिळत नाही. अंदाज मिळतात, आणि तेही वेगवेगळे. ज्याला मोजले त्याला निदान कुणीतरी शोधायला गेले असेल. ज्याला मोजलेच नाही, त्याचे काय झाले असेल ते केळनेला ठाऊक. दुसरी गोष्ट दौलताबादच्या दाराची. किल्लेदाराला कदाचित आपल्या धन्याचा हुकूम नसेल, कदाचित परक्या फौजेचे भय वाटले असेल. त्याच्या मनात शिरून न्याय करण्याचा मला अधिकार नाही. पण डोलीतल्या, रक्त गळणाऱ्या माणसाला दाराशी आणून परत फिरवले म्हणजे त्याची वेदना किती लांबते, एवढे मात्र कुणालाही समजते.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी हा प्रश्न हाताळला नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'युक्तसेनीय' नावाचा एक अध्याय आहे. सैन्याबरोबर असलेल्या वैद्याने कोठे राहावे, याचा त्यात विचार केला आहे. राजाच्या तंबूच्या शेजारीच वैद्याचे स्थान असावे, त्याच्याजवळ सर्व साहित्य सज्ज असावे आणि ते ठिकाण ध्वजासारखे लांबून नजरेत भरावे. म्हणजे विष बाधलेला, शल्य रुतलेला, आजारी पडलेला माणूस तेथे निःशंकपणे येईल, असा त्याचा आशय. महाभारतातही युधिष्ठिराच्या छावणीत वैद्य नेमल्याचा उल्लेख आहे. आणि शरपंजरी पडलेल्या भीष्मांपुढे दुर्योधनाने शल्य काढणारे वैद्य आणून उभे केले, ते भीष्मांनी सन्मानाने परत पाठवले, ही कथा तर आपण लहानपणीच ऐकलेली असते.

सुश्रुताच्या त्या ध्वजापाशी मी पुष्कळ वेळ रेंगाळलो. औषधे, शस्त्रे, पट्ट्या यांची यादी कोणताही वैद्य करील. पण जखमी माणसाला दिसावे म्हणून खूण उभारा, असे सांगायला वेगळी दृष्टी लागते. रोग्याला वैद्याची विद्या कळत नाही. त्याला पहिल्याने एकच गोष्ट हवी असते : जायचे कोठे? त्या प्रश्नाचे उत्तर देणे हासुद्धा उपचाराचाच भाग आहे, किंबहुना पहिला भाग आहे, असे सुश्रुतपरंपरेला वाटत होते.

असईच्या सुमारासच युरोपात नेपोलियनच्या फौजेबरोबर डोमिनिक लॅरे नावाचा शल्यवैद्य हिंडत होता. जखमींना लढाई संपेपर्यंत पडू द्यायचे ही जुनी रीत त्याने मोडली आणि हलक्या, वेगवान गाड्या ऐन धुमश्चक्रीत पाठवायला सुरुवात केली. आणि कुणाला आधी घ्यायचे याचा नियमही त्याने घालून दिला : ज्याची जखम गंभीर त्याचा नंबर पहिला, हुद्दा पाहायचा नाही. पुढे क्रिमियाच्या युद्धात निकोलाय पिरोगोव्ह या रशियन शल्यवैद्याने जखमींची अशी वर्गवारी अधिक शिस्तीने बसवली. वॉटर्लूच्या रणांगणावर, १८१५ साली, लॅरेला जखमींत वावरताना पाहून वेलिंग्टनने त्या दिशेचा गोळीबार थांबवायला लावला, असे सांगतात. दंतकथा असेल तरी ती कुणाविषयी निर्माण झाली हे पाहण्यासारखे आहे.

म्हणजे तंबू फाटका असला तरी तंबूचा कायदा फाटका नव्हता. किंबहुना पक्क्या इमारतीत वशिला, ओळख, पैसा यांना आत शिरायला दहा दारे असतात. तंबूला दार एकच आणि त्यापुढे उभा असलेला माणूस फक्त जखम पाहतो.

आता रणांगण सोडून आपल्या रोजच्या जगात येऊ. काही वर्षांपूर्वी माझी एक मावशी ओसरीवरून पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. मावसभावाने तिला जीपमध्ये आडवी करून शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. तेथे शस्त्रक्रियेच्या दालनाचे नूतनीकरण चालले होते. दारावर पाटी होती : 'काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' खिडकीतल्या माणसाने पाटीकडेच बोट दाखवले. केव्हा सुरू होईल, तर दिवाळीनंतर. तोवर काय करायचे, तर ते आमच्याकडे नाही. मग दुसरे गाव, तिसरे गाव. कोठे डॉक्टर रजेवर, कोठे मागितलेला पैसा आवाक्याबाहेरचा. सहाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मावशी आज काठी टेकून अंगणापर्यंत येते, त्यापुढे नाही. त्या सहा दिवसांविषयी ती एवढेच म्हणाली, "बंद हाये म्हणले, त्याचं काही नाही वाटलं रं बाबा. पण मंग जावं कुठं, ते कुणीच सांगितलं नाही."

या एका वाक्याने मला सुश्रुताचा ध्वज समजला.

येथे दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसते गाऱ्हाणे होईल. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नाकारली, हे अयोग्य होते काय? मला तसे म्हणता येत नाही. धूळ उडते आहे, भिंतीला भोके पाडली आहेत, अशा ठिकाणी म्हातारीचे हाड उघडे करणे म्हणजे तिला मरणाच्या दारात ढकलणे. नाही म्हणण्यातही प्रामाणिकपणा असतो. 'तात्पुरते आहे, चालवून घेऊ,' असे म्हणून जो अस्वच्छ हाताने कापायला बसतो, त्याच्यापेक्षा दार लावून घेणारा कितीतरी बरा.

युद्धातली शल्यविद्यासुद्धा हेच शिकवते. गोळीची किंवा स्फोटाची जखम तंबूत आली म्हणजे शल्यवैद्य मेलेले मांस कापून काढतो, घाण धुतो, रक्त थांबवतो आणि जखम न शिवता तशीच उघडी ठेवून वर पट्टी बांधतो. पाहणाऱ्याला वाटावे, याने काम अर्धे सोडले! पण पहिल्याच दिवशी शिवली तर घाण आत कोंडून जखम सडते. म्हणून चार-पाच दिवसांनी, ती स्वच्छ दिसल्यावर, शिवायची. हा धडा सैन्यांनी पहिल्या महायुद्धात असंख्य प्राण गमावून घेतला आहे. तेव्हा कमी करणे आणि कसेतरी करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पुढच्या माणसावर विश्वास ठेवून जाणूनबुजून थोडे करणे ही विद्या आहे. पुढे कुणी आहे की नाही याची फिकीर न करता थोडे करणे हा आळस आहे. दोन्ही ठिकाणी काम अर्धेच दिसते. फरक कळतो तो जखमीच्या अंगावर बांधलेल्या चिठ्ठीवरून. काय केले, केव्हा केले, कोणते औषध दिले, काय राहिले आहे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते आणि ती वाचणारा दुसरा कुणीतरी पुढच्या मुक्कामी उभा असतो.

लष्करी तंबूचे खरे बळ कापडात नाही, औजारांतही नाही. ते या साखळीत आहे. पट्टी बांधणारा शिपाई, डोली वाहणारे, तंबूतला शल्यवैद्य, मागचे मोठे इस्पितळ, अशा हातांतून माणूस पुढे जातो. यातला प्रत्येक हात आपल्या मर्यादेत 'नाही' म्हणू शकतो. 'माझ्याकडे हे होणार नाही,' असे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. फक्त तेथे वाक्य संपवण्याचा अधिकार नाही. 'होईल ते अमुक ठिकाणी, आणि तेथवर तुला मी पोचवतो,' हे वाक्याचे उरलेले अर्धे बोलावेच लागते. दौलताबादच्या किल्लेदाराने पहिले अर्धे वाक्य उच्चारले. मावशीला दाखवलेल्या पाटीवरही पहिले अर्धेच होते. वर क्षमा मागितलेली होती, एवढाच सुधारणेचा भाग.

या साखळीत एक मराठी नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेले आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा तरुण १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सामील झाला. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जपानशी झुंजणाऱ्या चिनी जनतेची काही काळ सेवा करून परत यायचे, असा बेत. म्हणजे कामगिरी तात्पुरतीच. तिकडे असतानाच वडील गेल्याची वार्ता आली. तरी कोटणीस परतले नाहीत. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, आठव्या मार्गसेनेबरोबर, खेड्यातल्या मातीच्या घरांतून जखमींवर शस्त्रक्रिया करीत ते फिरत राहिले. शत्रू जवळ आला की इस्पितळ उचलायचे आणि पुढच्या खेड्यात मांडायचे.

त्यांच्या आधी त्या मुलखात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हेच काम करीत होते. त्यांनी एका बौद्ध मंदिरात आदर्श रुग्णालय उभारले आणि ते थोड्याच दिवसांत जपानी सैन्याने उद्ध्वस्त केले. तेव्हापासून त्यांनी खेचरांवर लादून नेता येईल अशा शस्त्रक्रियागृहावर भर दिला. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष अंगात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्या नावाच्या शांती रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तेही गेले. मागे चिनी पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा.

आपण त्यांना वीर म्हणतो, त्यांच्यावर चित्रपट निघाला, हे सर्व योग्यच. पण वीर म्हटले की आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवून मोकळे होतो. मला त्यांच्यात दिसतो तो एक अत्यंत साधा विचार. आज ज्या घरात आहोत तेथून उद्या उठायचे आहे, हे त्यांना रोज ठाऊक असे. पण ज्याचा पाय आज कापायचा आहे, त्याला दुसरा पाय फुटणार नाही, हेही ठाऊक असे. इस्पितळ तात्पुरते असते. कापलेला पाय कायमचा असतो. ज्याने हे दुसरे वाक्य ध्यानात ठेवले, त्याला पहिल्याची सबब सुचत नाही.

कुणी म्हणेल, या युद्धाच्या गोष्टी झाल्या. दुरुस्तीला काढलेल्या इस्पितळाशी त्यांचा काय संबंध? संबंध अगदी निकटचा आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भीषण भूकंप झाला. हाताय प्रांतातल्या इस्केन्देरून या बंदरात मोठे सरकारी रुग्णालयच कोसळले. तेथे भारतीय सेनेच्या साठाव्या पॅराशूट फील्ड हॉस्पिटलने एका शाळेच्या इमारतीत तीस खाटांचे इस्पितळ मांडले. नव्व्याण्णव जणांचे पथक. त्यांनी सुमारे बारा दिवसांत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण तपासले, आणि काम स्थानिक यंत्रणेच्या हाती सोपवून सामान आवरले.

हेच पथक पूर्वी साठावी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स म्हणून ओळखले जाई. येथे अँब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, वैद्यकीय तुकडी. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ती १९५० साली कोरियात गेली. त्या हिवाळ्यात प्योंगयांगहून माघार घ्यायची वेळ आली, तेव्हा सामान न्यायला वाहने नव्हती. शस्त्रक्रियेची सामग्री टाकून निघा, असे म्हणणे सोपे होते. या मंडळींनी एक बेवारस आगगाडी शोधली, आपल्यातलेच इंजिन चालवू शकणारे हात पुढे केले आणि सगळी सामग्री दक्षिणेला आणली. तंबू गुंडाळायचा तो पुढे पुन्हा उभारण्यासाठी, ही समज त्यामागे होती.

इमारत उसनी घेण्यात कमीपणा नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९१४ साली बांधून तयार झाले; पण लोकांसाठी ते उघडले १९२२ मध्ये. मधल्या काळात, महायुद्धामुळे, मूर्ती आणि चित्रे यायच्या आधी तेथे जखमी शिपायांच्या खाटा आल्या होत्या. आणि २०२० च्या महामारीत आपल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांतून फळ्याखाली सतरंज्या पडल्या, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा 'जागा नाही' हे उत्तर पूर्ण खरे नसते. जागा शोधायची की नाही, एवढाच प्रश्न असतो.

त्यातही भूकंप सांगून येत नाही. युद्धही पुष्कळदा सांगून येत नाही. नूतनीकरण मात्र सांगून येते. त्याचा नकाशा असतो, अंदाजपत्रक असते, मुहूर्त असतो, नारळ फुटतो. ज्यांच्यावर आकाश कोसळले ते दोन-चार दिवसांत तंबू उभा करतात. मग ज्यांनी तारीख ठरवून भिंत पाडली, त्यांनी भिंतीआधी तंबूचा विचार करू नये काय?

या बाबतीत आपल्या घरातल्या बायकांचा शहाणपणा मला कोणत्याही सेनापतीच्या तोडीचा वाटतो. दिवाळी तोंडावर आली की घर सारवायला, रंगवायला काढतात. भांडी अंगणात, गाद्या उन्हात, स्वयंपाकघराची भिंत ओली. पण त्या दिवशी घरात कुणी उपाशी राहिल्याचे ऐकले आहे? भिंतीला हात लावण्यापूर्वीच परसात तीन दगडांची चूल मांडलेली असते. त्या चुलीवर पुरणपोळी होत नाही, पिठले-भाकरीच होते. पण ती वेळेवर होते, आणि पहिले ताट म्हाताऱ्याला व लेकराला जाते. कमी करणे आणि कसेतरी करणे यांतला फरक तिला कुणी शिकवलेला नसतो. घर रंगवणे चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, असे लिहून ती चूल विझवीत नाही.

मात्र तीन दगडांच्या चुलीचा आणखी एक गुण आहे, तो विसरता कामा नये. रंग वाळला की ती मोडतात. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचे दुखणे दुहेरी आहे. उभारताना आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, आणि एकदा उभ्या राहिल्या की मोडायचे विसरतो. पत्र्याची खोली दोन पावसाळ्यांसाठी बांधतात आणि तिच्यात शिकलेल्या मुलांची मुले शिकायला येतात. म्हणून तंबूवाल्यांकडून उभारण्याइतकीच आवरण्याची शिस्तही घ्यावी. जो तंबू मोडत नाही, तो पक्क्या इमारतीचे कर्ज कुणालाच आठवू देत नाही. तात्पुरत्या सेवेत कसूर नको हे जितके खरे, तितकेच तिच्यावर कायमचे भागवून घेऊ नये हेही खरे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. मुदत थोडी म्हणून कर्तव्य थोडे होत नाही. त्याचे रूप मात्र बदलते. पक्क्या इमारतीत आपले कर्तव्य पुष्कळसे भिंती, नियम, यंत्रे यांनी वाटून घेतलेले असते. भिंती गेल्या की ते सगळेच माणसावर येऊन पडते. कुणाला आधी घ्यायचे, माझ्याने काय होणार नाही, आणि जे होणार नाही त्यासाठी याला कोणाच्या हाती द्यायचे, हे तीन प्रश्न तेव्हा उघड्यावर येतात. पक्क्या घरातही ते असतातच. तेथे ते झाकलेले असतात, इतकेच.

आणि हे केवळ डॉक्टरांपुरते नाही. आपल्यापैकी प्रत्येकाकडे कधी ना कधी कुणीतरी अडलेला माणूस येतो, आणि आपल्या घरी नेमके तेव्हा काहीतरी 'काम चालू' असते. परीक्षा असते, लग्न असते, पैशांची ओढ असते. प्रत्येकाला आत घेणे जमत नाही. तसे कुणी मागूही नये. पण त्याला वाट दाखवायला, चार पावले बरोबर जायला, पुढच्या माणसाला एक चिठ्ठी लिहून द्यायला पक्के छप्पर लागत नाही. या दिवाळीत दाराशी आकाशकंदील टांगताना सुश्रुताच्या वैद्याचा तो ध्वज मला आठवणार आहे. उजेड आपल्या ओसरीवर पडतोच. पण तो जरा उंचावर टांगतात, कारण रस्त्यावरून जाणाऱ्यालाही तो दिसावा अशी आपली जुनी रीत आहे.